चाळिशीनंतर गाडी शिकताना : इंदूरच्या रस्त्यांवरचे पहिले काही महिने

वीस वर्षांच्या मुलाला आणि पन्नाशीच्या काकूंना ड्रायव्हिंग स्कूल एकच कोर्स देतं : २१ दिवस, रोज अर्धा तास. म्हणजे साडेदहा तास. केंद्रीय मोटार वाहन नियमांत खाजगी गाडीसाठी प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत, म्हणून हा हिशेब. मुलगा तेवढ्यात बऱ्यापैकी शिकतो, काकू शिकत नाहीत, आणि घरी सगळे म्हणतात, "आता या वयात राहू दे." वास्तविक रस्ता काकूंना जास्त कळतो. बस कुठे वळेल, रिक्षा कुठे थांबेल हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. कमी पडते ती हातापायांची सवय, कारण मोठ्या वयात तीच क्रिया अंगवळणी पडायला जास्त वेळा करावी लागते. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त गाडी शिका आणि रहदारीचा रस्ता नंतर घ्या. दोन्ही एकदम घेतलं की पाय गोंधळतात आणि मन घाबरतं. साडेदहा तास ही सुरुवात समजा. त्याच्या तिप्पट-चौपट वेळ सरावाला काढता येत असेल तेव्हाच शिकायला घ्या.

कागद आधी

लर्निंग लायसन्सचा अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर भरतात. आधार जोडलं तर परीक्षाही घरबसल्या देता येते. पक्क्या लायसन्सच्या चाचणीसाठी मात्र नायता मुंडल्याच्या आरटीओत जावंच लागतं. वय ४० च्या पुढे असेल तर नोंदणीकृत डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १-अ लागतो. तो सही-शिक्क्यासकट आधीच तयार ठेवा, बहुतेकांचा अर्ज इथेच अडकतो. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगचे १५० आणि त्याच्या परीक्षेचे ५० रुपये, पुढे पक्क्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. एजंट किती मागतो ते यावरून पडताळून पाहा.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या चाचणीला बसता येतं. घाई करून एकतिसाव्या दिवसाची तारीख घेऊ नका. चौथ्या महिन्यातली घेतली की सराव निवांत होतो आणि नापास झालात तरी हातात वेळ उरतो.

या काळात शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवीच, तीही गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेली. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा : पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. बाजारात मिळणारा छोटा गोंडस स्टिकर यात बसत नाही. या अटी पाळल्या नाहीत आणि गाडी कुठे ठोकली गेली, तर विम्याचा दावा अडतो, कारण पॉलिसीतलं चालकाचं कलम याच नियमाचा हवाला देतं.

डोळे, मान, गुडघे

उन्हात उभी असलेल्या गाडीची नंबरप्लेट २५ मीटरवरून वाचता येते का, हे आधी पाहा. साधारण पस्तीस पावलं चाला आणि वळून वाचा. येत नसेल तर चष्म्याचा नंबर काढून घ्या. चाळिशीचा नुसता वाचायचा चष्मा लावून गाडी चालवू नये, त्यातून लांबचं धूसर दिसतं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर बसल्या जागेवरून समोरचा रस्ता वरच्या काचेतून आणि स्पीडोमीटर खालच्या काचेतून दिसतो ना, ते तपासा. हनुवटी वर करून बघावं लागत असेल तर सीट थोडी उंच करा. मोतिबिंदूची सुरुवात असेल तर दिवसा काही जाणवत नाही, पण रात्री समोरच्या दिव्यांभोवती प्रकाशाची वलयं दिसतात. मग रात्रीचा सराव डॉक्टरांना विचारल्यावरच.

मान दोन्ही खांद्यांकडे पुरेशी वळत नसेल तर आरशांवर जास्त भिस्त ठेवावी लागेल. बाहेरच्या आरशांना चिकटवायचे छोटे गोल बहिर्वक्र आरसे लावून घ्या, स्वस्त असतात आणि मोठा आधार देतात. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी सकाळचा तास घेऊ नये. साखर उतरली की घाम येतो आणि लक्षही जातं. सर्दीची झोप आणणारी गोळी घेतली असेल त्या दिवशी सुट्टी.

डावा गुडघा दुखत असेल, किंवा घरातली गाडीच ऑटोमॅटिक असेल, तर सरळ ऑटोमॅटिकवर शिका. आपल्याकडे हलक्या वाहनाचं लायसन्स दोन्हींना एकच असतं. "क्लचवर शिकलं नाही तर ते शिकणंच नाही," असं म्हणणाऱ्यांना तुमचा गुडघा वापरायचा नसतो.

स्कूल निवडताना

गाडीला दुहेरी ब्रेक-क्लच (शिकवणाऱ्याच्या पायाशीही) आहे का आणि ते चालतात का, एवढं सगळे विचारतात. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा : तासाला गाडीत माणसं किती? मागच्या सीटवर दोन विद्यार्थी बसवून आळीपाळीने चालवायला देत असतील तर तुमचा अर्धा तास दहा मिनिटांचा होतो. दुसरा प्रश्न : पहिले चार दिवस मोकळ्या मैदानावर नेणार का? शिकवणारा पहिल्याच दिवशी तुम्हाला भंवरकुआं चौराह्यावर नेत असेल तर चालवतोय तोच, तुम्ही फक्त स्टिअरिंग धरलेलं असतं.

हा फसवा भाग नीट समजून घ्या. शिकवणाऱ्याचा पाय सतत त्याच्या क्लचवर असतो. तुम्ही क्लच चुकीचा सोडला तरी गाडी बंद पडत नाही, आणि आठव्या दिवशी तुम्हाला वाटतं, जमलं. घरची गाडी काढली की पहिल्याच वळणावर ती तीनदा बंद पडते आणि सगळा धीर जातो. पाचव्या-सहाव्या दिवशी स्पष्ट सांगा, "भैया, दोन्ही पाय मागे घ्या." मग मैदानात दहा वेळा थांबून दहा वेळा गाडी उचला. सात वेळा न बंद पडता उचलली तर पुढे चला, नाहीतर पुन्हा मैदान.

बसणं

बसण्याची जागा चुकली की पुढचं सगळं अवघड होतं, आणि ही चूक सर्रास होते, कारण स्कूलची सीट आधीच्या विद्यार्थ्याच्या मापाने लावलेली असते. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ टेकवून हात सरळ केले तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडावं. छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे एअरबॅगला जागा मिळते. उंची कमी असेल तर पुढे सरकून बसण्याऐवजी सीट उंच करा. उंच होत नसेल तर घट्ट, न घसरणारी गादी घ्या. उशी चालत नाही, ब्रेक मारताना ती सरकते. डोक्याच्या आधाराची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी असावी.

पायात पातळ तळाचे, टाच बांधलेले सँडल किंवा कॅनव्हासचे बूट घाला. स्लीपर पेडलखाली अडकते, हे गमतीने घेऊ नका. दुपट्टा किंवा पदर बेल्टच्या आत घ्या. आणि प्रत्येक वेळी क्रम एकच ठेवा : सीट, आरसे, बेल्ट, न्यूट्रल, हँडब्रेक, मग चावी.

क्लच

इथेच वेळ घालवा. इंजिन सुरू, क्लच तळापर्यंत, पहिला गिअर, हँडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवर. टाच जमिनीवर टेकवून क्लच हळूहळू वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो, डॅशबोर्ड बारीक थरथरतो आणि बॉनेटचं नाक जरासं उचललं जातं. ही पकड. पाय तिथेच गोठवा, ब्रेक सोडा, गाडी सरकू लागेल. सपाट जमिनीवर पेट्रोल गाडीला यासाठी रेस लागत नाही. दोन-तीन मीटर गाडी गेली की मगच उरलेला क्लच सोडा.

गाडी बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा शेवटच्या या टप्प्यात असतं. गाडी हलली की "झालं" म्हणून पाय झटकन सुटतो. चार-पाच दिवस रेस न देता असंच पुढे जा आणि थांबा, रोज निदान तीस वेळा. कंटाळा येईल, तरी करा. पाय ती जागा स्वतः शोधू लागला की डोळे रस्त्याला मोकळे होतात. पकडीवर गाडी तासन्‌तास रोखून ठेवली तर क्लच प्लेट झिजते आणि जळकट वास येतो. तो वास आला की गाडी बाजूला लावून दहा मिनिटं थंड होऊ द्या.

थांबताना उलटी चूक होते : आधी क्लच, मग ब्रेक. क्लच दाबताच इंजिनचा रोध जातो आणि गाडी मोकळी पळते. आधी ब्रेक दाबा, वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास आला की क्लच. एकदम कोणी आडवं आलं तर दोन्ही एकदम. एरवी डावा पाय क्लचवर ठेवून चालवू नका, त्याच्या बाजूला पाय ठेवायची जागा असते.

गाडी चौराह्यावर बंद पडली तर ब्रेक दाबून ठेवा, चारही इंडिकेटर लावा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि चावी फिरवा. मागचा हॉर्न वाजवत राहील, त्याला वाजवू द्या. हा क्रम इंजिन बंद असताना डोळे मिटून वीस वेळा करून ठेवा.

उजव्या पायाबद्दल एक नियम पक्का करा : रेस देत नसाल त्या प्रत्येक क्षणी पाय ब्रेकच्या वर. टाच ब्रेकच्या रेषेत टेकलेली, रेससाठी फक्त पंजा उजवीकडे फिरतो. घाबरल्यावर ब्रेक समजून रेस दाबली जाणं ही सर्वांत धोक्याची चूक आहे, आणि ती बहुतेक पार्किंगमध्ये, हळू चालताना होते. ऑटोमॅटिकमध्ये तर जास्तच, म्हणून तिथे डावा पाय सीटकडे मागे ओढून ठेवा आणि दोन्ही पेडल उजव्याच पायाने चालवा.

गाडीची रुंदी आणि नजर

इंदूरमध्ये गाडी शिकायला येणारे बरेचजण वर्षानुवर्षं स्कूटर चालवत असतात. त्यांना रहदारीची भीती कमी, पण एक सवय आडवी येते. स्कूटरवर आपण वाहनाच्या मधोमध बसतो, गाडीत उजव्या कडेला. मन अजून स्वतःला मध्येच समजतं, म्हणून गाडी नकळत डावीकडे सरकते आणि उभ्या ठेल्याला आरसा लागतो. उपाय मैदानात करा. चुन्याची एक सरळ रेघ ओढा आणि डावी चाकं तिच्यावर येतील अशी गाडी उभी करा. सीटवर बसून बघा, ती रेघ बॉनेटच्या कुठल्या भागाला टेकलेली दिसते. तिथे काचेच्या खालच्या कडेला छोटी चिकटपट्टी लावा. आता डावं चाक कुठे आहे ते तुम्हाला कायम दिसेल. महिन्याभरात पट्टी काढून टाका.

नजर बॉनेटवर ठेवली की गाडी नागमोडी जाते. लांब बघा, हात आपोआप सरळ राहतात. ताशी ३० च्या वेगाने गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते, ५० ला जवळजवळ चौदा. पाय ब्रेकवर जायला सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढं अंतर गाडी पूर्ण वेगाने कापते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, पावसात चार.

रिव्हर्समध्ये रेस नाही, फक्त क्लचची पकड. माणूस चालतो त्याहून हळू. मागचा कॅमेरा असला तरी एकदा मान वळवा, कॅमेऱ्याला कडेने धावत येणारं पोर दिसत नाही.

चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, थोडी रेस, पकड आली की मागचं बूड जरा दबतं, तेव्हा हँडब्रेक सोडा. उड्डाणपुलाच्या चढावर सकाळी सहाला याचा सराव करा. मागे सरकाल या भीतीने क्लच झटकन सोडू नका. ऑटोमॅटिकपैकी एएमटी गाड्याही (ज्यात क्लच-गिअर यंत्रच बदलतं) हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी धरून ठेवणारी सोय, नसेल तर क्षणभर मागे येतात.

कुठे, कधी

पहिले चार-पाच दिवस दशहरा मैदानासारखी मोकळी जागा. त्यानंतर राजेंद्रनगर, सुदामानगर अशा वस्तीतल्या आतल्या गल्ल्या, सकाळी सहा ते साडेसात. तिथे वेग नसतो पण कुत्री, दूधवाले, वळणं सगळं मिळतं, आणि सारखा पहिला-दुसरा गिअर होतो. साडेसातनंतर पोह्यांच्या दुकानांसमोर दुचाक्या वाटेल तशा लागतात. तेव्हा त्या रस्त्यांवर नवख्याने जाऊ नये.

तिसऱ्या आठवड्यात सुपर कॉरिडॉर. रुंद, सरळ, सकाळी मोकळा, म्हणून तिसरा-चौथा गिअर तिथेच शिका. पेट्रोल गाडीत ढोबळमानाने १५ ला दुसरा, २५-३० ला तिसरा, ४० च्या पुढे चौथा. आकडे पाठ करू नका, इंजिन ओरडू लागलं की वरचा आणि धापा टाकू लागलं की खालचा. धोका एकच : मोकळा रस्ता पाहून वेग वाढतो आणि दुभाजकाच्या फटीतून उलट दिशेने दुचाकी निघते. प्रत्येक फटीजवळ पाय रेसवरून काढा.

पलासिया, गीताभवन, विजयनगर हे चौराहे दीड महिन्यानंतर, तेही रविवारी सकाळी. गोलाकार चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीला पहिला मान असतो. प्रत्यक्षात कोणी थांबत नाही, तरी तुम्ही थांबा, दोन सेकंदांनी काही बिघडत नाही. डावीकडे वळताना डावा आरसा दोनदा बघा. सिग्नलला डाव्या बाजूने दुचाक्या घुसून उभ्या असतात, आणि ई-रिक्षा इंडिकेटर न देता थांबते.

राजवाडा, सराफा आणि कापड मार्केटचा भाग पहिलं वर्षभर सोडून द्या. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री मुरलेला चालकही तिकडे गाडी नेत नाही.

शेजारी कोण बसणार

नवऱ्याने बायकोला किंवा मुलाने आईला सुरुवातीपासून शिकवू नये. क्लचचे पहिले पंधरा दिवस परक्या माणसाकडेच काढा. सरावासाठी मात्र घरचंच माणूस लागतं, तेव्हा निघण्याआधी शब्द ठरवून घ्या. "हळू", "थांब", "डावीकडे", "उजवीकडे", एवढेच. "अगं, बघ ना!" याने कुठे बघायचं ते कळत नाही आणि पाय गोठतो. वळायचं असेल तर पन्नास मीटर आधी सांगायचं. चूक झाली तर त्याच जागी बोलायचं नाही, गाडी कडेला लावून बोलायचं. दोन्ही बाजूंनी आवाज चढला तर त्या दिवशीचा सराव संपला. सोबत्याचा हात हँडब्रेकजवळ असावा, पण चालत्या गाडीत तो झटकन ओढू नये, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

एका वेळी चाळीस मिनिटं पुरे. त्यानंतर पायाचा अंदाज सुटतो, आणि थकल्यावर झालेल्या चुकाच अंगात बसतात. आठवड्यात चार दिवस चाळीस मिनिटं हे रविवारी सलग तीन तासांपेक्षा कितीतरी चांगलं.

चाचणी

ज्या गाडीवर सराव केला तीच गाडी न्या. अनोळखी गाडीची पकड वेगळ्या जागी असते आणि नापास होण्याचं ते सर्वांत साधं कारण आहे. बेल्ट, आरसे, इंडिकेटर हे न सांगता झालं पाहिजे. आठचा आकडा आणि रिव्हर्स दोन्ही फक्त पकडीवर, रेस न देता. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. लायसन्सची मुदत वयावर ठरते : ३० ते ५० वयात काढलं तर १० वर्षं, ५० ते ५५ मध्ये काढलं तर वयाच्या साठीपर्यंत, ५५ नंतर पाच-पाच वर्षं. नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लायसन्स मिळाल्यावर

पहिल्यांदा एकट्याने जाताना असा रस्ता निवडा ज्यात जास्तीत जास्त डावी वळणं असतील आणि पोचल्यावर रिव्हर्स न घेता गाडी लावता येईल. किराणा, देऊळ, बँक, एकच ठिकाण महिनाभर. फोन मागच्या सीटवर ठेवा. महिन्यातून दोनदा टायरची हवा बघा. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

रात्रीचं चालवणं दुसऱ्या महिन्यात, आधी संध्याकाळच्या उजेडात सुरू करून अंधार पडेपर्यंत. समोरून प्रखर दिवा आला की त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा आणि वेग कमी करा. काच आतून पुसलेली हवी, आतल्या धुरकट थरानेच निम्मी तिरीप येते. पावसात काचेवर वाफ धरली तर एसी चालू करून हवा काचेकडे वळवा. पाणी साचलेल्या रस्त्यावर तळ दिसत नसेल तर वळून दुसरा रस्ता घ्या.

बायपास आणि महूकडचा रस्ता तिसऱ्या महिन्यात. ट्रकला ओलांडताना त्याच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. खंडवा रोडने ओंकारेश्वर साधारण ८० किलोमीटर आहे, पण जुन्या वाटेला भेरूघाट लागतो. तिकडे जाण्याआधी एवढं जमलं पाहिजे : ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, गाडी न्यूट्रल करायची नाही, आणि ब्रेक सतत न दाबता थोडा दाबून सोडायचा. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तळाशी पोचेपर्यंत धरत नाही. पहिल्या खेपेला शेजारी अनुभवी माणूस बसवा, पहाटे निघा, आणि ऊन चढण्याआधी सिमरोलला चहासाठी थांबून पाय मोकळे करा.